चढ्या भावाचा गौरव कशासाठी?

७ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या कॅपजेमिनीने डब्ल्यूएनएस ही कंपनी ३.३ अब्ज डॉलर रोख मोजून विकत घेण्याचा निर्णय जाहीर केला आणि ऑक्टोबरमध्ये हा व्यवहार पूर्ण झाला. डब्ल्यूएनएस ही १९९६ साली ब्रिटिश एअरवेजची कार्यालयीन कामे करण्यासाठी मुंबईत सुरू झालेली आणि पुढे स्वतंत्र झालेली आउटसोर्सिंग कंपनी आहे. आउटसोर्सिंग म्हणजे बँकांनी, विमा कंपन्यांनी, विमान कंपन्यांनी आपले सॉफ्टवेअरचे, हिशेबाचे किंवा ग्राहकसेवेचे काम स्वतः न करता करारावर बाहेरच्या कंपनीकडून करवून घेणे. डब्ल्यूएनएसचे वार्षिक उत्पन्न सव्वा अब्ज डॉलरच्या आसपास होते, म्हणजे तिला उत्पन्नाच्या अडीचपटींहून अधिक आणि शेवटच्या बाजारभावापेक्षा १७ टक्के जास्त किंमत मिळाली. कॅपजेमिनीचे स्वतःचे बाजारमूल्य त्या वेळी तिच्या वार्षिक उत्पन्नाहून फारसे अधिक नव्हते. जी कंपनी स्वतः उत्पन्नाच्या जेमतेम एकपटीला विकली जाते, तिने त्याच धंद्यातील दुसरी कंपनी अडीचपटीला घ्यावी, ही गोष्ट खुलाशाची गरज असलेली आहे. अर्थविषयक चर्चेत मात्र तिचा खुलासा मागितला गेला नाही. तिचा गौरव झाला.

हा गौरव ज्या मतावर उभा आहे, ते मत गेली वीस वर्षे जवळजवळ निर्विवाद मानले गेले आहे. त्याचा आशय असा : जगातील मोठ्या कंपन्या आणि गुंतवणूक फंड एवढा पैसा मोजतात, तेव्हा ते पूर्ण विचार करूनच मोजतात. शून्यापासून उभारायला पंधरा वर्षे लागतील असे ग्राहक त्यांना एका दिवसात मिळतात, तयार मनुष्यबळ मिळते आणि वाढ मिळते. दोन कंपन्या एकत्र आल्यावर दुहेरी खर्च वाचतो आणि एकीच्या ग्राहकांना दुसरीच्या सेवा विकता येतात. आज दिलेली किंमत चढी वाटली तरी उद्या तीच कंपनी आणखी चढ्या भावाने विकली जाते, यातच त्या किमतीचा पुरावा आहे. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात या कंपन्यांकडील कामाचे ज्ञान सोन्याच्या मोलाचे होणार आहे. आणि या सर्वांवर कळस म्हणून, भारतीय बुद्धीला जगाने दिलेली ही पावती आहे. यांतील एकेक विधान तपासले, तर त्यांपैकी एकही उचललेल्या ओझ्याखाली उभे राहत नाही.

पहिला प्रश्न, एवढ्या पैशात विकत काय घेतले जाते? पोलाद कारखाना घेणाऱ्याला भट्ट्या मिळतात, औषध कंपनी घेणाऱ्याला पेटंटे मिळतात. आउटसोर्सिंग कंपनीकडे असतात त्या इमारती, ज्यांपैकी बऱ्याच भाड्याच्या, काही हजार संगणक, ग्राहकांशी केलेले करार आणि माणसे. प्रत्यक्ष मोजता येणाऱ्या मालमत्तेपेक्षा जी जास्त रक्कम मोजली जाते, ती खरेदीदाराच्या ताळेबंदात गुडविल, म्हणजे नावलौकिकाचे मूल्य, या नावाने मालमत्ता म्हणून दाखवली जाते. पण हा नावलौकिक ज्यांच्या कामातून तयार होतो, ती माणसे कंपनीच्या मालकीची नसतात आणि म्हणून ती विकताही येत नाहीत. जून २०२२ अखेर इन्फोसिसमधील वार्षिक गळतीचे, म्हणजे वर्षभरात स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्यांचे, प्रमाण २८.४ टक्के होते. ज्या धंद्यात चार माणसांमागे एकाहून अधिक माणूस वर्षभरात निघून जाऊ शकतो, तेथे तयार मनुष्यबळ विकत मिळाले, या म्हणण्याला अर्थ किती उरतो?

याचे सर्वांत ठळक उदाहरण पुण्यामुंबईच्याच इतिहासात आहे. भारतातील पहिल्या काही सॉफ्टवेअर कंपन्यांपैकी एक असलेल्या पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्समधून सात अभियंते बाहेर पडले आणि १९८१ साली दहा हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी पुण्यात इन्फोसिसची स्थापना केली. तीस वर्षांनी, २०११च्या जानेवारीत, आयगेट या दुसऱ्या आउटसोर्सिंग कंपनीने पटनी सुमारे १.२२ अब्ज डॉलरला घेण्याचे जाहीर केले, तेव्हा पटनीचे वार्षिक उत्पन्न सुमारे ७० कोटी डॉलर होते आणि त्याच आर्थिक वर्षात इन्फोसिसचे उत्पन्न ६ अब्ज डॉलरवर गेले होते. पटनीकडे नाव होते, ग्राहक होते, इमारती होत्या. तिच्यातील सर्वाधिक मोलाचा भाग मात्र तीस वर्षांपूर्वी दारातून चालत बाहेर गेला होता आणि त्याला थांबवण्याचा कोणताही अधिकार तिच्या मालकांना नव्हता. हा अधिकार आजच्या खरेदीदारालाही नाही.

दुसरे समर्थन ग्राहकांचे. या धंद्यात ग्राहकाशी प्रथम एक मुख्य करार होतो आणि त्याखाली प्रत्येक कामाचा वेगळा करार होतो. अशा करारांत सहसा एक कलम असते, ज्यानुसार ग्राहक कोणतेही कारण न देता, ठरलेल्या मुदतीची सूचना देऊन काम थांबवू शकतो. त्यामुळे ग्राहक विकत मिळाला, या म्हणण्याचा प्रत्यक्षातील अर्थ एवढाच की, ग्राहक जोवर राहील तोवर त्याचे बिल काढण्याची संधी मिळाली. ह्यूलेट-पॅकार्डने २००८ मध्ये ईडीएस ही अमेरिकेतील जुनी व बलाढ्य आउटसोर्सिंग कंपनी, बंगळुरूच्या एम्फसिसमधील तिच्या बहुमताच्या हिश्श्यासह, १३.९ अब्ज डॉलरला घेतली. ईडीएसकडे सरकारी खाती होती, मोठे उद्योग होते, दीर्घ मुदतीचे करार होते. चारच वर्षांनी, २०१२च्या ऑगस्टमध्ये, ह्यूलेट-पॅकार्डने आपल्या सेवा व्यवसायाच्या गुडविलमधील सुमारे ८ अब्ज डॉलरचे निर्लेखन केले, म्हणजे ती रक्कम परत मिळणार नाही असे मान्य करून ती ताळेबंदातून काढून टाकली. ग्राहकांची यादी हीच जर मालमत्ता असेल, तर ती एवढ्या लवकर कशी विरली?

ग्राहकासाठी पैसे मोजणे नेहमीच अयोग्य असते, असे नाही. पण ते योग्य केव्हा ठरते, हेही इतिहासात नोंदलेले आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २००८ मध्ये सिटीग्रुपची भारतातील सेवा कंपनी ५०.५ कोटी डॉलरला घेतली, तेव्हा सिटीग्रुपने साडेनऊ वर्षांत २.५ अब्ज डॉलरचे काम देण्याचा करार सोबत केला. ब्लॅकस्टोन या गुंतवणूक फंडाने २०१६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड एंटरप्राइझकडून एम्फसिस घेतली, तेव्हा विक्रेत्याने पाच वर्षांत किमान ९९ कोटी डॉलरच्या कामाची हमी दिली. या दोन्ही व्यवहारांत खरेदीदाराने आशेसाठी पैसे मोजले नाहीत. लिहून मिळालेल्या कामासाठी मोजले. चढ्या भावाच्या समर्थकांनी हीच उदाहरणे आपल्या बाजूने मांडली, तर ती त्यांच्याच विरुद्ध जातात, कारण ज्यांना या धंद्याची खरी जाण होती, त्यांनी नुसत्या ग्राहकसंबंधांवर विश्वास ठेवला नाही, असेच ती सांगतात.

तिसरे समर्थन वाढीचे. आणि याचा निकाल ॲटॉस या फ्रेंच कंपनीच्या कहाणीत लागतो. २०१८च्या जुलैमध्ये ॲटॉसने सिंटेल ही कंपनी सुमारे ३.४ अब्ज डॉलरला घेण्याचे जाहीर केले. सिंटेलचे मुख्यालय अमेरिकेतील मिशिगन राज्यात होते, पण तिची बहुसंख्य माणसे भारतात होती आणि पुण्याजवळच्या तळवडे येथे तिचे मोठे केंद्र होते. तिचे २०१७चे उत्पन्न ९२ कोटी डॉलर होते. म्हणजे किंमत उत्पन्नाच्या साडेतीनपटींहून अधिक होती आणि ती मुख्यतः कर्ज काढून दिली गेली. वाढ नसलेल्या युरोपीय कंपनीला अमेरिकेची बाजारपेठ आणि भारताचा नफा एकाच वेळी मिळाला, असे तेव्हा सांगितले गेले. सिंटेलवर व्यापारी गुपिते वापरल्याचा ट्रायझेटो या कंपनीचा दावा खरेदीच्या तीन वर्षे आधीपासून न्यायालयात होता, तोही किमतीच्या आड आला नाही. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने सिंटेलविरुद्ध ८५.५ कोटी डॉलरची भरपाई ठरवली, जी पुढे न्यायालयांनी कमी केली. ॲटॉसला २०२१ मध्ये सुमारे ३ अब्ज युरोचा आणि २०२३ मध्ये ३.४ अब्ज युरोचा तोटा झाला, आणि २०२४ मध्ये कर्जफेड अशक्य झाल्यामुळे न्यायालयीन देखरेखीखाली तिची पुनर्रचना करावी लागली, जिच्यात धनको मालक झाले आणि जुन्या भागधारकांच्या हाती जवळजवळ काहीच उरले नाही. ॲटॉसच्या ऱ्हासाला तिचा डेटा सेंटर सांभाळण्याचा जुना, आटत चाललेला व्यवसायही कारण होता, हे खरे. पण त्याच रोगावर औषध म्हणून सिंटेल घेतली गेली होती. औषधाने रोग बरा झाला नाही आणि औषधाचे कर्ज मात्र डोक्यावर राहिले.

विप्रोचे उदाहरण एवढे विदारक नाही, पण तेही बोलके आहे. २०२१ मध्ये विप्रोने कॅपको ही सल्लागार कंपनी १.४५ अब्ज डॉलरला, म्हणजे उत्पन्नाच्या दुपटीला घेतली. विप्रोच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी खरेदी होती. त्यानंतर २०२३-२४ आणि २०२४-२५ या लागोपाठच्या दोन वर्षांत विप्रोचे आयटी सेवांचे डॉलरमधील उत्पन्न घटले. मंदी सगळ्यांनाच होती, असे उत्तर यावर दिले जाते. पण जी मंदीत उपयोगी पडत नाही आणि तेजीत जिची गरज नाही, अशा वाढीसाठी जादा किंमत का मोजावी, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. याउलट २००८ मध्ये ब्रिटनच्या ॲक्सन या कंपनीसाठी एचसीएलने चढी बोली लावल्यावर इन्फोसिसने आपली बोली वाढवण्यास नकार दिला आणि ॲक्सन सोडून दिली. इन्फोसिसची वाढ त्यामुळे अडली नाही.

चौथे समर्थन खर्चबचतीचे. हे समर्थन सर्वांत प्रामाणिक आहे, कारण चढ्या भावाची वसुली कोठून होते, हे त्यात उघड सांगितलेले आहे. आयगेट पटनीपेक्षा कितीतरी लहान होती. तिचे २०१०चे उत्पन्न सुमारे २८ कोटी डॉलर होते. पटनीसाठी तिने एपॅक्स या फंडाकडून भांडवल घेतले आणि ७७ कोटी डॉलरचे रोखे ९ टक्के व्याजाने विकले. या रोख्यांचे वर्षाचे व्याजच ६.९ कोटी डॉलर होते, म्हणजे आयगेटच्या मूळ उत्पन्नाच्या जवळजवळ चौथा हिस्सा. हे व्याज कोणी भरायचे? आउटसोर्सिंगमध्ये खर्चाचा सर्वांत मोठा भाग पगाराचा असतो. ग्राहक दर वाढवून देत नाही. किंबहुना करार नवा करताना तो दर कमी करून घेतो. अशा वेळी व्याज भरण्याचे मार्ग उरतात ते पगारवाढ रोखण्याचे, अनुभवी माणसांच्या जागी नवखी माणसे लावण्याचे आणि एकाच माणसावर दोघांचे काम टाकण्याचे. नवख्या अभियंत्याचा वार्षिक पगार या उद्योगात दशकाहून अधिक काळ साडेतीन लाख रुपयांच्या आसपास अडकून आहे, हे सर्वज्ञात आहे. त्याला अनेक कारणे आहेत. परंतु कंपनीची किंमत दर विक्रीला वाढावी आणि ती पेलण्यासाठी नफ्याचे प्रमाण दर वर्षी वर राहावे, हा आग्रह त्यांपैकी एक आहे. किंमत विक्रेत्याच्या खात्यात एकदाच जमा होते. तिची वसुली ऐरोली, हिंजवडी आणि तळवडे येथे वर्षानुवर्षे चालते.

पाचवे समर्थन पुनर्विक्रीचे आणि तेच सर्वांत फसवे आहे. आयगेट २०१५ मध्ये कॅपजेमिनीने ४.०४ अब्ज डॉलरला घेतली, हा विजयाचा दाखला म्हणून सांगितला जातो. आयगेटच्या भागधारकांना नफा झाला, एवढे यातून निश्चित सिद्ध होते. पण पुढच्याने अधिक किंमत दिली म्हणून आधीची किंमत योग्य होती, हा तर्क मान्य केला, तर जगातील कोणताही भाव कधीच चढा ठरणार नाही. मुंबईच्या इंटेलनेटचा प्रवास या तर्काचा पाया दाखवून देतो. ब्लॅकस्टोनकडील या कंपनीसाठी ब्रिटनच्या सर्कोने २०११ मध्ये ३८.५ कोटी पौंडांपर्यंत किंमत मान्य केली, २०१५ मध्ये तोच व्यवसाय सर्कोने त्याच ब्लॅकस्टोनला २५ कोटी पौंडांना परत विकला आणि २०१८ मध्ये ब्लॅकस्टोनने तो टेलिपरफॉर्मन्स या फ्रेंच कंपनीला १ अब्ज डॉलरला विकला. काम तेच, धंदा तोच. किंमत मात्र कधी उतरली, कधी दुपटीहून अधिक चढली. या किमतींपैकी खरी कोणती? त्या कामाच्या मोलाबद्दल यांपैकी एकही किंमत काही सांगत नाही. त्या त्या वर्षी कर्ज किती स्वस्त होते आणि विकत घेण्याची घाई कोणाला होती, एवढेच त्या सांगतात.

नवी मुंबईतील महापे येथील हेक्सावेअरची कथा याच जातीची आहे. प्रायव्हेट इक्विटी फंड म्हणजे मोठ्या गुंतवणूकदारांचा पैसा एकत्र करून कंपन्या घेणारे आणि काही वर्षांत विकून नफा काढणारे फंड. असा एक फंड, बेरिंग, २०१३ मध्ये हेक्सावेअरमध्ये आला, त्याने २०२० मध्ये ती शेअर बाजारातून काढून घेतली, २०२१ मध्ये कार्लाइल या दुसऱ्या फंडाने ती सुमारे ३ अब्ज डॉलरला घेतली आणि २०२५च्या फेब्रुवारीत ८,७५० कोटी रुपयांच्या समभागविक्रीतून ती पुन्हा बाजारात आली. ही संपूर्ण विक्री कार्लाइलच्या समभागांची होती. तिच्यातून कंपनीच्या तिजोरीत एक रुपयाही आला नाही. साखळीतील शेवटचा खरेदीदार म्हणून सामान्य गुंतवणूकदार उभा राहिला. ज्या पुनर्विक्रीला समर्थक पुरावा मानतात, ती प्रत्यक्षात जोखीम पुढच्याच्या गळ्यात घालण्याची रीत आहे.

उरले कृत्रिम बुद्धिमत्तेचे समर्थन, ज्याच्या आधारे डब्ल्यूएनएसची किंमत योग्य ठरवली गेली. कामाच्या पद्धतींचे सखोल ज्ञान आणि नवे तंत्रज्ञान एकत्र आले की माणसांऐवजी यंत्रणाच निर्णय घेत काम पार पाडतील, अशी ही मांडणी आहे. ही मांडणी दोन्ही बाजूंनी अडचणीत येते. यंत्रणा खरोखरच माणसांचे काम करू लागल्या, तर साठ हजारांहून अधिक माणसांच्या श्रमावर काढले जाणारे जे बिल किमतीचा आधार आहे, तेच आटेल, कारण काम स्वस्तात होते हे कळल्यावर ग्राहक जुना दर देणार नाही. यंत्रणांनी ते काम केले नाही, तर त्यांच्या नावाने मोजलेली जादा किंमत निराधार ठरेल. २०२४च्या फेब्रुवारीत क्लार्ना या स्वीडिश वित्तकंपनीने आपले ग्राहकसेवेचे बरेचसे काम कृत्रिम बुद्धिमत्ता करू लागली असल्याचे जाहीर केले, तेव्हा टेलिपरफॉर्मन्सच्या शेअरचा भाव जोरात कोसळला. ज्या बाजाराने एका बातमीवर एवढी भीती दाखवली, त्याच बाजारात दीड वर्षाने तेच तंत्रज्ञान चढ्या किमतीचे कारण कसे होते? डब्ल्यूएनएसची घोषणा झाली त्या दिवशी कॅपजेमिनीच्या शेअरचा भावही घसरला. ज्यांचा पैसा पणाला लागला होता, त्यांचे मत गौरव करणाऱ्यांपेक्षा वेगळे होते.

उलट बाजूचा दाखलाही याच देशात आहे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या हिशेबातील घोटाळा उघड झाला आणि तीन महिन्यांनी झालेल्या लिलावात टेक महिंद्राने प्रतिशेअर ५८ रुपये या दराने ३१ टक्के हिस्सा १,७५७ कोटी रुपयांना घेतला. नाव धुळीला मिळालेले, ग्राहक धास्तावलेले, हिशेब अविश्वसनीय, अशा अवस्थेतील ती कंपनी टेक महिंद्राच्या विस्ताराचा पाया झाली आणि २०१३ मध्ये तिच्यात विलीन झाली. खरेदीचे यश विकत घेतलेल्या कंपनीच्या चमकेवर नव्हे, तर मोजलेल्या किमतीवर ठरते, हे याहून स्पष्ट कोणत्या उदाहरणाने होईल?

राहता राहिला अभिमान. भारतीय बुद्धीची पावती म्हणून ज्या रकमा मिरवल्या जातात, त्या संस्थापकांना, फंडांना आणि मध्यस्थ सल्लागारांना मिळालेल्या आहेत. संस्थापकांनी कंपनी उभारली, म्हणून त्यांचा वाटा न्याय्य आहे. पण ज्यांच्या हातून ते मूल्य रोज तयार होते, त्यांच्या वाट्याला मालक बदलल्याचे पत्र, नवे ओळखपत्र आणि वाढलेले उद्दिष्ट येते. गौरव करायचाच असेल, तर तो या माणसांच्या कौशल्याचा करावा. त्यांच्या डोक्यावर बसवलेल्या व्याजाचा नव्हे.

आउटसोर्सिंग कंपन्यांना मोजल्या जाणाऱ्या चढ्या किमती दूरदृष्टीच्या निदर्शक नाहीत. विकता न येणारी माणसे आणि कधीही संपणारे करार यांच्यासाठी, बहुधा कर्ज काढून, पुढच्या खरेदीदाराच्या भरवशावर मोजलेली ती रक्कम आहे. भागधारकांनी आपल्या संचालक मंडळांना यापुढे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत : किती उत्पन्नाची लेखी हमी मिळाली, कर्जाचे व्याज कोणाच्या पगारातून निघणार, आणि पुढचा खरेदीदार आलाच नाही तर ही किंमत कशी वसूल होणार. ज्या व्यवहारात या तिन्हींची उत्तरे आकड्यांत मिळत नाहीत, त्या व्यवहाराला भागधारकांनी मत देऊ नये आणि अर्थविषयक लिहिणाऱ्यांनी त्याचा गौरव करू नये.